घरटी एक माणूस

४ मे १९९८, शहापूर

फ्रीज आला. एकदाचं घोडं गंगेत न्हालं. भातगिरणीच्या माडीवर चढवताना आमच्या जीपचे ड्रायव्हर गणपतमामा इतकं बोलले की गिरणीवाल्याने ऐकायला मशीन बंद केलं.

आता दोन खोल्या, फ्रीज, सेंट्रिफ्यूज, मायक्रोस्कोप आणि मी. पाटी राहिली. गिरणी चालू असली की टेबल हलतं, काचेवरचे जंतू फुगडी घालतात. म्हणजे मायक्रोस्कोपचं काम दुपारी, गिरणीवाला जेवायला गेला की.

सरांचं मुंबईहून पत्र. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं! पण काम स्वच्छ सांगितलंय. सिद्धगडाच्या पायथ्याचं एक गाव धर. पावसाआधी रक्त घे, पावसानंतर त्याच माणसांचं पुन्हा घे. मधले महिने मलेरियाचे. तापाशी लढणारी अँटिबॉडी रक्तात टिकते, वाढते की उतरते ते बघ. एकच माणूस, दोनदा. बास.

माझी जागा मार्चपर्यंत. काम जमलं तर पुढं. नाही जमलं तर आईचं ते, "तरी म्हटलं होतं बीएड कर."

९ मे

उंबरखोरे. राब भाजून झालेत, सगळी शेतं काळी. गावकी देवळापुढं बसलेली. सुयांची पेटी मी ओढणीखाली झाकून.

"कुठल्या गो तुमी?"
"सापगावची."
"सापगावच्या कोनाच्या?"

हा दुसरा प्रश्न येतोच. "मास्तरांची. बौद्धवाड्यातली." सांगून टाकते मी, म्हणजे मान मोकळी. चहा आला. कप वेगळे आहेत का ते बघायचं नाही असं ठरवलेलं असतं आणि बघतेच. सगळ्यांचे सारखे. सगळ्यांचे कान तुटलेले.

रक्त म्हटल्यावर कुजबुज. ठकूबाई म्हणून एक म्हातारी आहे, अंगाने काडी, आवाज नगाऱ्याचा. "रगत नेऊन करनार काय? इकनार?" मग मी अँटिबॉडीवर बोलले. नमनालाच घडाभर तेल. समोरचे एक आजोबा बसल्या जागी घोरायला लागले.

कोणी नाही म्हणालं नाही. कोणी हो पण नाही.

१० मे, सापगाव

आप्पांना सगळं सांगितलं. निवृत्त झाले तरी मास्तरच, आधी माझ्या चुका काढल्या. "तू कॉलेजात बोलल्यासारखी बोललीस. गावकीकडे मागायची रीत असते. पाणवठा उपसायचा, रस्ता बांधायचा, तेव्हा काय म्हणतात? घरटी एक माणूस. तसं माग. कुणी मागं राहणार नाही."

आई मधेच: "आणि केस नीट बांधून जा."

१३ मे

मागितलं. "रक्ताला घरटी एक माणूस द्या." एका वाक्यात काम. सगळ्या माना डोलल्या. "आस्सं सांग ना मग!" असं वर मलाच. आप्पा जिंदाबाद.

१६ मे

पहिली फेरी पार पडली!! हात दुखतायत, पाठ दुखतेय, मन भरलंय.

शाळेत टेबल मांडलं. रावजी नावाचा आडदांड गडी, खांद्यावर नांगर घेऊन डोंगर चढेल असा, सुई बघितली आणि आडवा. बायांनी पाणी मारलं, वारा घातला, आणि मग जे हसायला लागल्या! ठकूबाईने स्वतःचा काडीसारखा हात पुढं केला. बाटली बघून म्हणाली, "एवढाच? ढेकून याच्यापेक्षा जास्त पितो."

मायक्रोस्कोप सोबत नेला होता. ज्यांच्या रक्तात जंतू दिसले त्यांना गोळ्या देऊन, गिळल्याचं बघूनच निघालो.

बर्फ संपला म्हणून मुरबाडात मासळीवालीकडून घेतला. सबंध गावाच्या सीरमला बोंबलाचा वास. फ्रीज उघडला की भूक लागते.

७ जुलै

शैला रुजू झाली. डोंबिवलीची, लॅबच्या कामात पक्की, चिखलात कच्ची. आल्या आल्या चप्पल रुतवून बसली. गणपतमामांनी ती काढून दिली, वर "ही चप्पल म्युझियमला द्या" म्हणाले. जमेल असं वाटतं हिच्याशी.

२३ ऑक्टो.

थंडी. दोन गोधड्या, एक ब्लँकेट, वर आई बसायला तयार. मग ताप. मग घाम. शैलाने माझीच काच बनवली, बघितली आणि हसू दाबत म्हणाली, "अभिनंदन मॅडम. आहे."

मलेरियावाल्या बाईला मलेरिया. गणपतमामा खिडकीतून: "डास बी हुशार, नेमका साहेब गाठला."

आणि दुसरी फेरी परवावर. दिवाळी नुकतीच झालीय, थांबलं तर सगळे कापणी-झोडणीत गुंततील. शैला म्हणाली मी जाते.

२५ ऑक्टो.

पडून. कान जीपच्या आवाजाकडे. सं. ७ला आली शैला, केसांत भाताचा कोंडा, तोंडावर विजय. "एकही घर चुकलं नाही! नाव पुकारलं की माणूस हजर."

मला रडूच आलं. तापाने असेल.

१० डिसें.

प्लेटा लावल्या. (प्लेटेत एकेका सीरमला एक घर; जितकी अँटिबॉडी, तितका पिवळा रंग गडद.) गिरणीवाल्याला हात जोडून दोन तास गिरणी बंद ठेवायला लावली. (तो: "बाळंतीण हाय का वर?")

मेच्या सीरमच्या घरात पिवळा रंग गडद. त्याच नावाच्या ऑक्टोबरच्या घरात फिका. एक-दोन नाही, ओळीने. रावजीचं तर मेमध्ये गडद पिवळं, ऑक्टोबरात पाणी. तापाच्या मोसमात उतरतंय! वाढायला हवं तिथं उतरतंय. असं कुठं वाचलेलं नाही मी.

शैला टेबलाभोवती नाचली. मी पण.

१२ डिसें.

सरांना एसटीडीवरून सांगितलं. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज. सर उभे राहिले होते! "मार्चमध्ये दिल्लीला परिषद आहे, तू मांडायचंस. विमानाने जा." मी म्हटलं, सर, इतकं छान उतरतं का कधी? "शंका नंतर, आधी आनंद कर."

घरी सांगितलं. चूक केली. आई लगेच चप्पल घालून बाहेर. रात्रीपर्यंत सापगावात विमान उडालं होतं.

४ जाने. १९९९

म्हसा. जत्रा. आप्पांना घोंगडी घ्यायची म्हणून गेले. बैलबाजारात रावजी भेटला, एका खोंडाचे दात बघत होता. मला बघून दंड लपवला.

म्हटलं, घाबरू नका, आज सुई नाही. आणि ऑक्टोबरात नाही पडलात ना? शैलाने काही सांगितलं नाही.

"मी कुठं आलतो?"
"म्हणजे?"
"मना घेरी येते ओ म्याडम. धाकला भाऊ भिवंडीवरशी आलता दिवालीला, त्याला धाडला."
"पण नाव तर तुमचं लागलं!"
"घर माजाच हाय ना. तुमी घरटी एक मानूस मागितला, आमी दिला."

पायाखालचं म्हसा हललं. विचारलं, बाकीच्यांनी? तर मोजून मापून, मला समजावल्यासारखा म्हणतो, "ज्याला टाइम व्हता तो आला. कापनीचे दिवस. कामाचा मानूस शेतावं, सनाला आलेला तुमच्याकडं. पन बायांच्या जागी बायाच धाडल्या हां. तेवढी अक्कल हाय आमाला."

मी हसले. मोठमोठ्याने, बैलांमध्ये उभी राहून. मग डोळ्यांत पाणी आलं ते थांबेना. रावजी बिचारा घाबरून उसाचा रस घेऊन आला.

घोंगडी राहिली.

रात्री. झोप नाही. मेमध्ये रक्त दिलं ते डोंगराखाली जन्म काढलेल्यांनी, दर पावसात तापाशी झुंजलेल्यांनी. ऑक्टोबरात दिलं ते भिवंडीच्या मागावर, कल्याणच्या कारखान्यात वर्ष काढून दिवाळीला आलेल्यांनी, आणि जावेच्या जागी आलेल्या नव्या सुनांनी. त्यांच्या रक्तात अँटिबॉडी असणार कुठून? काही उतरलेलं नाही. माणूसच दुसरा.

आणि कोणी खोटं बोललं नाही. मीच मागितलं होतं, घरटी एक. गावकीच्या कामाला आज थोरला, उद्या धाकला, घराचा हात लागला की झालं. ही रीत मला ठाऊक नाही? आमच्या वाड्यातली विहीर उपसायला आप्पांच्या जागी मी स्वतः घागर घेऊन उभी राहिलेय! हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

६ जाने.

सरांना फोन. सगळं सांगितलं. एकच म्हणाले: "तू त्याच मुलखातली ना?"

लागलं.

शैला सकाळपासून रडतेय की नावं तिने पुकारली. तिची काय चूक, ती एकाचंही तोंड ओळखत नव्हती. शेवटी म्हटलं, रडायचंच असेल तर बाटलीत रड, तेही तपासू. हसली.

२० जाने.

घरोघर विचारून आलो, कोण आलं होतं. कुणी लपवलं नाही. उलट "आमच्याकडून सून धाडली, गोरीपान, चांगला रगत असंल म्हनून". ठकूबाई मात्र दोन्ही वेळा स्वतः. "मी कोनाला धाडू? घरात मी नि नातू."

खात्रीसाठी सीरमवरून रक्तगट ताडून पाहिले. रावजी मेमध्ये बी, ऑक्टोबरात ओ. खरी जोडी उरली ती बोटांवर मोजण्याइतकी. त्यातून काही सांगता येत नाही. पण त्या मूठभरांचा रंग उतरलेला नाही, हे बघून ठेवलं.

२ फेब्रु.

सरांचं पत्र. जसंच्या तसं: "दिल्ली रद्द. तुझी जागा एक वर्ष वाढवून घेतली आहे, कशी ते विचारू नकोस. मेमध्ये पुन्हा पहिल्यापासून. या वेळी तोच माणूस दोनदा, नाहीतर आपण दोघंही घरी." खाली वेगळ्या शाईत: "फोनवर बोललो ते विसर."

नाही विसरणार, पण जीव भांड्यात पडला.

आई: "आता लोकांना काय सांगू?" मी वैतागून म्हटलं, सांग विमान पंक्चर झालं. आज सकाळी दूधवाला विचारत होता, निघालं का पंक्चर.

८ मे, उंबरखोरे

गावकी. त्यांनी नको म्हटलं तर संपलं. दुसरं गाव धरायला वेळ नाही.

"परत?" ठकूबाई. "पयल्याचा काय केलास? सांडलास?"

कबूल केलं, वाया गेलं. का ते सांगितलं. या वेळी ज्याचं आता घेऊ त्याचंच पावसानंतर. आणि शाळेतली, अंगणवाडीतली पोरंही हवीत, आईबापाची हरकत नसेल तर.

"म्हंजी घरटी एकच ना?"

पालथ्या घड्यावर पाणी. पुन्हा सांगितलं. मग एक आजोबा (गेल्या वर्षी घोरणारे) गंभीरपणे: "भाव नि भाव येगला कसा? एका आईचा दूध, रगत एकच." सगळे हो हो. आता भावाभावाचं रक्त एक नाही हे गावकीत उभं राहून सांगायचं? बांधावरून आधीच भांडणं कमी आहेत का?

अर्धा तास गेला. मी हजार प्रकारे सांगतेय, ते हजार प्रकारे "बरं, कोनीतरी येईल" म्हणतायत. शेवटी माझं डोकं सटकलं. ओरडलेच.

"अहो हे गावकीचं काम नाही! हा नवस समजा नवस! जो बोलला त्यानंच फेडायचा!"

ठकूबाईने डोक्यावरचा पदर नीट केला. "हां. मग तसा बोल ना गो बाय. नवसाला दुसरा कसा चालंल?" "नायच चालत," "म्हसोबाला भाव धाडून चालतो का?" सगळीकडून. जे अर्ध्या तासात घुसलं नाही ते एका शब्दात.

मागून रावजीचा बारीक आवाज: "म्हंजी मनाच यावा लागंल?"

हसून हसून गावकी लोळली. सगळे देणार. सगळे!

परतताना जीपमध्ये गाणं म्हटलं. सरळगाव येईपर्यंत. मग आप्पा आठवले आणि गाणं थांबलं.

१२ मे, सापगाव

कळलं त्यांना. गणपतमामांचं तोंड म्हणजे आकाशवाणी.

"बावीस प्रतिज्ञा मी तुझ्याकडून पाठ करून घेतल्या होत्या. दुसरीत होतीस."
"आप्पा, मी कुठल्या देवाला काही बोलले नाही. नुसती रीत सांगितली."
"रीतीच्या मागून देव येतो. आपल्या लोकांनी इतक्या कष्टाने बाहेर टाकलं ते तू पेटीत घालून खेडोपाडी वाटतेस. सायंटिस्ट!"

त्यांचं चूक नाही. माझंही नाही. दोघंही आपापल्या जागी फुगून.

१४ मे

अबोला चालू. आई मधे टपाल. "त्यांना विचार, भाजीला मीठ आहे का." "तिला सांग, सायंटिस्टला चव कळत असेल."

रात्री स्वतःच आले अंगणात. "हजेरी म्हणायचं होतंस. ज्याची त्यानं द्यायची. त्यात देव नाही."
"तुमच्या वर्गात कोणी दुसऱ्याची हजेरी दिली नाही कधी?"

चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "झोप आता."

२२ मे

पहिली फेरी, दुसऱ्यांदा. प्रत्येकाने सुई टोचायच्या आधी मोठ्याने नाव घेतलं, गावापुढं. मी सांगितलं नव्हतं, त्यांनीच चालू केलं. सुंदरा नावाची एक पोर होती, आठ दिवसांवर लग्न. म्हटलं, तू पावसानंतर सासरी असशील, राहू दे. तिने हातच पुढं धरून ठेवला. घेतलं, पण ही जोडी गेली असं धरूनच.

रावजी पडला. या वेळी खाली गोणपाट आधीच अंथरलं होतं.

१९ ऑगस्ट

पाऊस काही सोडत नाही. उंबरखोऱ्याला दोन ठिकाणी जीप सोडून चालत. ठकूबाईचा नातू चार दिवस तापाने फणफणलेला, डोळे वर. काचेवर जंतूच जंतू. त्याला उचलून मुरबाडला सरकारी दवाखान्यात आणलं, जीपमध्ये म्हातारी एक शब्द बोलली नाही. तो नगारा गप्प बसला तशी मी फार घाबरले.

२४ ऑगस्ट

उतरला ताप! पोराने पेज मागितली. म्हातारीने दवाखान्यातल्या नर्सला, मला, शैलाला, सगळ्यांना शिव्या देऊन घेतल्या. म्हणजे बरी आहे.

२० नोव्हें.

आजचा दिवस सविस्तर लिहायचाय, डोळे मिटतायत.

मुद्दाम दिवाळीनंतर बरंच थांबलो, पाहुणे परत जाऊ दिले. आप्पा म्हणाले मी येतो. नवसाला नाही, हजेरीला. खुर्ची टाकून बसले, चष्मा नाकावर, एकेक नाव खणखणीत. आणि पुढचा माणूस "हजर मास्तर" म्हणायचा, नि बसताना माझ्या कानात हळूच, "फेडला गो." दोघांचीही मर्जी राखली पठ्ठ्यांनी.

दुपारी फटफटीचा आवाज. सुंदरा! टोकावड्याकडून नवऱ्याच्या मागे बसून. "सासू म्हनली, जा बाय, नवसाला अडवू नये." आप्पांनी ऐकलं. ऐकलं नाही असं केलं.

एक भिवंडीवाला पण मेमध्ये दिलं म्हणून रजा टाकून आला.

पाच वाजले. सगळे झाले, रावजी नाही. बायको म्हणते सकाळी निघाले, तुमच्याकडंच. बर्फ वितळतोय, शैला पेटी भरायला लागली. मला वाटलं, जाऊ दे, एका माणसाने काय होतं. मग वाटलं, नाही जाऊ द्यायचा. झोडणीच्या खळ्यामागे सापडला, पेंढ्याला टेकून बसलेला, घामाघूम.

"दुसरा कोन नाय चालनार ना?"
"नाही."
"ठाव हाय. म्हनून तर अर्धा आलो."

उरलेलं अर्धं मी त्याचा हात धरून चालवलं. नाव घेतलं. डोळे मिटले. नाही पडला!! अख्ख्या गावाने टाळ्या वाजवल्या. आप्पांनीसुद्धा.

मग उभा राहिला आणि पडला.

१५ डिसें.

प्लेटा. शैला नि मी एकाच प्लेटेवर वाकून. गिरणीवाल्याने आपण होऊन बंद ठेवली.

मोठ्यांचा मेचा रंग गडद, नोव्हेंबरचा गडद. काहींचा जास्तच. टिकतंय! जन्म काढलेलं रक्त लक्षात ठेवतंय. पोरांची घरं मात्र फिकी, आणि ज्यांना ताप येऊन गेला त्यांचीही थोडीच रंगलेली. ठकूबाईचं घर सगळ्यांत गडद, त्याच्या शेजारी नातवाचं. बराच वेळ त्या दोन घरांकडेच बघत बसले.

नाचलो नाही या वेळी. पुन्हा लावल्या, पुन्हा तेच आलं. मग नाचलो.

सर: "अगं पण हे तर बरंचसं अपेक्षित होतं." दोन सेकंदांनी: "म्हणजे खरं असणार. लिहायला घे." जागा अजून एक वर्ष. पुढचं पुढं.

९ जाने. २०००

उंबरखोऱ्यात सांगायला गेले. रक्त घेऊन गेले ते काय निघालं हे सांगायला सहसा कोणी परत जात नाही, आम्ही पण नसतो गेलो. ठकूबाईने निरोप धाडला होता.

थोडक्यात सांगितलं, शिकले आता. तुम्ही लहानपणापासून इतके ताप काढलेत की तुमच्या रक्ताला ते पाठ झालेत. पोरांचं रक्त अजून शिकायचंय, म्हणून ती जास्त आजारी पडतात.

ठकूबाई ऐकत होती. नातू मांडीवर, आता मस्त गुबगुबीत, तिचा पदर ओढत.

"म्हंजी याला बी माज्यासारखे ताप काढाया लागतील? तवा शिकंल?"
"हो. बहुतेक."
"माझी तीन पोरा शिकता शिकता गेली."

तिने नातवाच्या मुठीतून पदर सोडवला.

"तापाबिगर शिकवता येतो का त्याच्या रगताला?"

आजी, म्हटलं, तेच शोधतायत. जगभर. मी पण. अजून जमलेलं नाही.

"कवा जमंल?"
"माहीत नाही."

तिला ते खोटं नाही हे कळलं असावं, चिडली नाही. "आमी दोनदा आलो. रावजीसारखा रावजी आला. आमचा फिटला. आता तुजा." मी विचारलं, माझा काय? "तुजा नवस. बोल. आमच्या म्होरं बोल."

सगळी गावकी बघत होती. हसत कोणी नव्हतं. गणपतमामापण नाही. मी उठले, ओढणी सारखी केली, आणि बोलले. मोठ्याने, स्वतःचं नाव घेऊन. सगळ्यात शेवटी ठकूबाईने मान हलवली आणि चहा आला.

आप्पांना सांगितलेलं नाही. गणपतमामांनी तोंड उघडणार नाही अशी शपथ घेतलीय, म्हणजे उद्या दुपारपर्यंत सापगावात कळेल. काय म्हणतील ते म्हणोत. देव त्यात नव्हता, एवढं सांगेन. म्हातारी होती आणि पोरगं होतं.

फेडायला किती वर्षं लागतील कुणास ठाऊक, फिटेल तरी का. आणि माझ्या जागी दुसरं कुणी धाडून चालायचं नाही.